आरसी बुकात प्युजो, बॉनेटखाली ट्रॅक्टर

गगनबावड्याकडच्या आबांचा जुना पिकअप टोचन करून माझ्या उद्यमनगरातल्या गॅरेजात आला तेव्हा त्याच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, हौद्यात गोणपाटात गुंडाळलेलं होतं. सोबत हेडखाली बसणारी कोरी सीलं, म्हणजे हेड गॅस्केटं, पाकिटासकट. एकही बसत नव्हतं. आबांच्या गावचा फिटर हात टेकून म्हणाला होता, "कोल्हापूरला न्या, हे काय मला कळंना झालंय."

आरसी बुकात महिंद्राचा पिकअप, डिझेल, इंजिन प्युजो. हे एक्सडीपी ४.९० इंजिन मी पोरवयापासून खोलतोय. नावातला ४ म्हणजे सिलिंडर आणि ९० म्हणजे मिलिमीटरमध्ये बोअर, सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ८३, एकूण २११२ सीसी. हे इंजिन गाडीत एका अंगाला कललेलं बसतं. आबांच्या गाडीतलं काटकोनात उभं होतं. गोणपाट सोडून हेडला लोहचुंबक लावला, तर खटकन चिकटला. प्युजोचं हेड अॅल्युमिनियमचं असतं, त्याला चुंबक धरत नाही. शिवाय थंड इंजिन चालू करायला लागणाऱ्या हीटर प्लगची भोकंच नव्हती. म्हणजे इंजिन डिझेल थेट सिलिंडरात फवारणारं, थेट इंजेक्शनचं, बिडाच्या हेडचं.

"आबा, हे प्युजो नव्हं."

"मग काय हाय? थोरल्या भावानं घेतली तवापासनं आमी प्युजोच म्हणतोय."

भाऊ वारलेले. इंजिन कधी बदललं, कुणी बदललं, सांगायला कुणी नाही. ब्लॉकवरच्या नंबरपट्टीवर कुणीतरी ग्राइंडर फिरवून वर जाड रंग मारलेला. पॉलिश पेपरनं घासून पाहिलं, दोन आकडे अर्धेमुर्धे दिसले, त्यावरून काही ठरत नव्हतं.

मग मोजायला घेतलं. झिजलेल्या सिलिंडरचं माप वरच्या बाजूला घेऊन उपयोग नसतो. अगदी खाली, जिथं रिंग पोचत नाही, तिथं बोअर गेज लावला. ८८.९ च्या आसपास. पिस्टन वर आणून, मग खाली नेऊन डेप्थ व्हर्नियर धरला. फरक १०१.६. मिलिमीटरमध्ये हे आकडे तिरपागडे दिसतात, इंचात करा, साडेतीन आणि चार. २५२३ सीसी. पानेही तेच सांगत होते, ब्लॉकच्या बोल्टला चौदाचा पाना जाईना, ९/१६ चपखल बसला.

हे घराणं इंटरनॅशनल हार्वेस्टरचं. महिंद्रानं १९६३ मध्ये त्यांच्याबरोबर ट्रॅक्टर सुरू केले, आणि २५२३ सीसी हा आकडा पुढं महिंद्राच्या डीआय, म्हणजे थेट इंजेक्शनच्या, जीपमध्येही आला. म्हणजे अजून निकाल लागला नव्हता. इंजिन जीपचं की ट्रॅक्टरचं? इंजिन चालू करून गव्हर्नर, म्हणजे वेगाला लगाम घालणारा भाग, कितीला रोखतो ते बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, पण हेडच काढलेलं.

आबांना विचारलं, "सपाट रस्त्याला टॉपमध्ये किती पळायची?"

"पन्नास. कितीबी दाबा, फुडं जात न्हाई. पर चढाला रेडा हाय रेडा."

मग इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाक एकदा फिरतं ते काढायला मागचं एक चाक जॅकवर घेतलं, दुसरं जमिनीवर ठेवलं, गिअर न्यूट्रल. एक चाक अडकलेलं असलं की मोकळं चाक क्राऊनच्या, म्हणजे मागच्या हाऊसिंगातल्या मोठ्या दातेरी चक्राच्या, दुप्पट फिरतं, म्हणून त्याला दोन पूर्ण फेरे दिले आणि पोराला गिअर बॉक्सकडून मागं येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण धरून मोजायला बसवलं. पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. क्राऊनला ४३ दात, त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला ८. ही जुन्या पेट्रोल जीपची जोडी. म्हणजे मागचा हाऊसिंगही दुसऱ्याच गाडीचा!

आता हिशोब जुळला. ६.००-१६ चं टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं. टॉप गिअर थेट, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट इंजिनाएवढाच फिरतो. इंजिन २००० फेऱ्यांवर असेल तर चाक मिनिटाला ३७२ वेळा फिरतं, वेग येतो तासाला ४९ किलोमीटर. जीपचं इंजिन ३००० च्या वर सहज जातं, मग गाडी सत्तरी गाठायला हवी होती. ट्रॅक्टरचा गव्हर्नर साधारण दोन हजार-बावीसशेलाच हात आखडतो. आबांचे पन्नास ते हेच.

गिअर बॉक्स उतरवल्यावर मला त्या अनोळखी मिस्त्रीचं कौतुक वाटलं. इंजिन आणि बेल हाऊसिंग (गिअर बॉक्सचं क्लचवरचं घंटेसारखं आवरण) यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची लोखंडी प्लेट. इंजिनकडच्या बाजूला इंचाचे बोल्ट, बेल हाऊसिंगकडे मिलिमीटरचे, म्हणजे हाऊसिंग प्युजोचंच ठेवलेलं. प्लेटच्या जाडीएवढा गिअर बॉक्स मागं सरकतो, म्हणून गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणाऱ्या पायलट बेअरिंगसाठी फ्लायव्हीलमधून बाहेर आलेला बुश टर्न केला होता. प्रोपेलर शाफ्टही तेवढाच कापून सरळ वेल्ड केलेला. अनेकजण हा बुश विसरतात आणि सहा महिन्यांत इनपुट शाफ्टचं वाटोळं करतात.

कौतुक ब्रेकपाशी संपलं. फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, ब्रेक हलका करणारा बूस्टर होता, कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा, वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर. त्याची व्हॅक्यूमची नळी हातानं मागोवा घेत गेलो. नळी बॅटरीमागं संपली आणि तिच्या तोंडात एक बोल्ट खुपसून वरून क्लिप आवळली होती. हा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिन मॅनिफोल्डमधून आपसूक व्हॅक्यूम देतं, डिझेलला स्वतंत्र पंप लागतो, आणि ट्रॅक्टरला असा पंप कशाला असेल? बूस्टर नुसता शोभेचा. ही गाडी गुळाचे रवे भरून करूळ घाटानं वैभववाडीला उतरत होती.

"ब्रेक जड लागत नव्हता?"

"दोन्ही पाय लावायचे की!"

आबा हसले. मला हसू आलं नाही. म्हटलं, गॅस्केट ट्रॅक्टरच्या दुकानात मिळेल, उद्या बसवतो, पण पाठीला व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) घातल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. त्याला ब्लॉकवरून ऑइलची बारीक लाइन द्यावी लागते आणि ऑइल परत जायला सम्पला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाला, निपल. त्यासाठी सम्प उतरवावाच लागणार होता. आबांनी खर्च ऐकून पटका सारखा केला आणि "करा" म्हणाले.

दुसरी गोष्ट त्यांना अजिबात रुचली नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद लागते. इथं बुकातला नंबर प्युजोचा, ब्लॉकवरचा खरवडलेला. इंजिनाचं बिल कुणाकडं नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच बघणार. मी माझ्या बिलावर इंजिनाची मापं, वर्णन आणि खरवडलेल्या पट्टीचा उल्लेख लिहून दिला, आणि आधी आरटीओत जाऊन विचारा असं सांगितलं. नोंद होईल की नाही याची हमी मी कशी देणार?

जाताना आबांनी विचारलं, "क्राऊन-पिनियन बदलून जरा पळंल का?"

३९-८ ची जोडी घातली तर ४९ चे ५४ होतील, म्हटलं. पाच किलोमीटर. खर्चाचा आकडा सांगितला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, "ब्रेकचंच बघा."