आरसी डॅशबोर्डात

हरवलेली किल्ली माणूस शोधत तरी बसतो. गाडीत राहिलेली किल्ली शोधावी लागत नाही. ती सीटवर पडलेली काचेतून लख्ख दिसते, शेजारी आपला फोनही दिसतो, आणि कुणाचा तरी कॉल येऊन तो उजळला की तेही दिसतं.

साताऱ्यात मोती चौकाजवळ आमचं हे झालं. कंदी पेढे घ्यायला उतरलो आणि मेव्हण्यानं खटका दाबून, हँडल उचलून धरून दार लावलं. जुनी गाडी किल्लीशिवाय लॉक करायची ही युक्ती. तो ती जरा मिरवतोही. बटणावर चालू होणाऱ्या नव्या गाड्या किल्ली आत राहिली की बहुधा लॉकच होत नाहीत, उलट बोंब मारतात. आमची तेवढी शहाणी नव्हती.

बघता बघता सल्लागार मंडळ जमलं. एकानं स्टीलची फूटपट्टी आणली. पूर्वी तिनं काम व्हायचं. काच आणि रबराच्या बीडिंगमधून ती आत सोडायची, दारातला कुलपाचा रॉड चाचपायचा, ओढला की खटका टक्कन वर. आता बऱ्याच गाड्यांत त्या रॉडवर आवरण असतं, काहींत रॉडच्या जागी केबल, शिवाय दारात पॉवर विंडोच्या वायरी. दुसऱ्याला यूट्यूबवरचा टेनिस बॉल आठवला : भोक पाडून कुलपावर दाबायचा, हवेनं लॉक उघडतं. उघडत नाही हो. हवा दाराच्या पोकळीत शिरते आणि फटींतून निघून जाते. तिसरा म्हणाला, "मागची बारकी काच फोडा, विषय संपला." काच दुसऱ्याची असली की विषय लवकर संपतो.

शेवटी पेढेवाल्यांनी चावीवाल्याला फोन लावला. स्कूटरवरून सरदारजी आले, बोलणं मात्र अस्सल सातारी. शिकलीगर शीख. मूळची शस्त्रं घडवणारी, पाजळणारी जमात. हातातली कानस राहिली, तलवारीच्या जागी किल्ली आली. पिशवी खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "गाडी तुमचीच न्हवं?"

जमलेल्यांपैकी हे कुणीच विचारलं नव्हतं. पट्टी, बॉल, दगड, सगळे मदतीला तयार. आम्ही चोर असतो तरी साताऱ्यानं आम्हाला हौसेनं गाडी उघडून दिली असती.

"आमचीच."

"कागदं?"

आरसी डॅशबोर्डात. तिची प्रत डिजिलॉकरमध्ये, डिजिलॉकर फोनमध्ये, फोन सीटवर. खिशातल्या लायसन्सनं मी मीच आहे एवढंच सिद्ध होत होतं. पेढेवाल्यांनी हमी घेतली ती बहुधा दोन किलोच्या ऑर्डरमुळे.

"उघडतो. पण आधी आरसी, मग किल्ली."

दाराच्या वरच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची पाचर, तिच्या फटीत एक चपटी रबरी पिशवी. तिचा फुगा ते दाबू लागले, डॉक्टर बीपी बघताना दाबतात तसा, आणि दार बोटभर बाहेर आलं. रबराचं टोक लावलेली लांब सळई आत गेली. तिच्याकडे न बघता ते मेव्हण्याला सांगत होते, "किल्ली हरवली असती तर अवघड होतं. कानशीनं नवी घासून दार उघडंल, पण चिप नसली तर इंजिन सुरू व्हायचं न्हाई." खटका उठला.

पाचशे रुपये ठरले होते. मेव्हणा पुटपुटला, "एवढ्याशा कामाचे?" मी पैसे देऊन टाकले. तासभर खाटखूट केली असती तर त्यालाच ते स्वस्त वाटलं असतं.

सरदारजींनी किल्ली उचलून मुठीत धरली आणि हात पुढे केला. आरसी दिली. त्यांनी नाव वाचलं, माझं लायसन्स वाचलं, पुन्हा आरसी वाचली. गाडी सासऱ्यांच्या नावावर.

"लावा फोन त्यास्नी."

लावला. स्पीकरवर टाकला. सासरे सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "जावईच आहेत आमचे. पण गाडी माझी आहे, हे एकदा त्यांनाही सांगा."