घोट्याचं ऑपरेशन आणि एका ओळीची चिठ्ठी

ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरवायला मला जेवढा वेळ लागला त्यातला निम्म्याहून जास्त वेळ दोन ओपीडींच्या मध्ये गेला. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मला संधिवात आहे. वय झालं की गुडघे झिजतात तो नव्हे, ज्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं तो. सुरुवात हातांच्या बोटांपासून झाली आणि मग उजवा घोटा धरला. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना मी भिंतीला टेकून उभी राहायला लागले, तेव्हा मदतनीस म्हणाली, "बाई, आता दाखवाच एकदा नागपूरले." घरी हे म्हणाले, "चालता येते नं अजून, मंग काहून कापून घेतं?"

नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं, त्यांना नावं ठेवणार नाही. सांध्यातली कूर्चा संपली, हाडावर हाड घासतंय. कृत्रिम घोटा बसवता येतो, पण माझं हाड ठिसूळ आणि पाऊल वाकडं झालेलं, म्हणून त्यांनी सांधा फ्यूज करायचा सल्ला दिला. उरलीसुरली कूर्चा खरवडून काढायची, हाडं स्क्रूने आवळायची आणि ती एकजीव होऊ द्यायची. दुखणं थांबतं, पण घोटा वरखाली होत नाही. माझा तसाही कुठे होत होता! साधारण सहा आठवडे पाय टेकायचा नाही, प्लास्टर आणि बूट धरून तीनेक महिने. मला पटलं. उठता उठता ते म्हणाले, "संधिवाताच्या गोळ्या महिनाभर बंद ठेवाव्या लागतील. मेडिसिनवाल्यांकडून तसं लिहून आणा."

इथे गाडी रुतली.

हाडांच्या त्या युनिटची ओपीडी मंगळवारी, मेडिसिनमधली संधिवाताची शुक्रवारी. आमच्याकडून पहाटेची एसटी, यवतमाळला गाडी बदलायची, आणि नागपुरात पोचेपर्यंत केसपेपरच्या खिडकीवर रांग दारापर्यंत आलेली. शुक्रवारी संधिवातवाल्यांनी लिहिलं, 'हाडांच्या विभागाच्या सल्ल्यानुसार'. मंगळवारी हाडांच्या विभागाने त्याच्याखाली लिहिलं, 'मेडिसिनच्या सल्ल्यानुसार'. घडीवर फाटून सेलोटेप लावलेल्या त्या केसपेपरवर दोन निळे शिक्के एकाखाली एक, आणि दोन्ही ओळी एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, आधी ते ठरवून या, मग फिटनेस पाहू. खिडकीवरचा माणूस तर मी दिसले की पेपर न बघताच सांगायचा, "मावशी, पुढच्या आठवड्यात." काऊन, ते विचारायची सोय नाही.

गोळ्या बंद मी केल्या नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट एकदा तालुक्याला मिळालंच नव्हतं, तेव्हा मला चहाचा कप धरता येत नव्हता. शेवटी एका शुक्रवारी मोठे डॉक्टर स्वतः बसले होते. त्यांना सरळ विचारलं, "सर, पाय टेकायचा नाही म्हणजे सगळा भार हातांवर. गोळ्या बंद करून हात सुजले, तर मी वॉकर धरू कशी आणि संडासला जाऊ कशी?" त्यांनी तिथूनच हाडांच्या विभागाला फोन लावला. दोन मिनिटं बोलले आणि लिहून दिलं, 'मेथोट्रेक्सेट व हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू ठेवावे.' एवढी एकच ओळ!

मग त्यांनीच सांगितलं की जखम चिघळेल या भीतीने पूर्वी या गोळ्या सर्रास थांबवत. अमेरिकेतल्या संधिवाताच्या आणि सांधे बदलणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2017 मध्ये खुबा-गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनसाठी या गोळ्या चालू ठेवायला सांगितलं, 2022 मध्ये पुन्हा तेच. घोट्यालाही आमचे हे डॉक्टर तोच हिशोब लावतात. महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं ज्यांना चालू आहेत त्यांचं वेगळं, त्यांची तारीख पुढचा डोस यायच्या सुमाराला धरतात. रोजची स्टेरॉइडची गोळी असेल तर ती मनाने एकदम सोडायची नाही. म्हणून 'गोळ्या बंद करू का' असं मोघम विचारू नका. एकेका औषधाचं नाव घ्या आणि प्रत्येकापुढे चालू की बंद ते लिहून मागा.

सरकारी आरोग्य योजनेचं काम दवाखान्यातल्या आरोग्यमित्राने रेशन कार्ड आणि आधार बघून करून दिलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का, तेवढं आधी विचारा.

एक्स-रे उभं राहूनच काढून घ्या. आमच्या तालुक्याला झोपवून काढला होता, तो नागपूरला चालला नाही. दुखणं नक्की कोणत्या सांध्यात आहे ते पाहायला घोट्यात बधिर करायचं इंजेक्शन देतात. माझं दुखणं तेवढ्यापुरतं जवळपास गेलं, तेव्हा माझा निम्मा निर्णय झाला. घोट्याच्या खालच्या सांध्यात दुखत असतं, तर घोटा फ्यूज करून उपयोग नव्हता. घरात कोणी खर्रा खात असेल आणि ऑपरेशन त्याचंच असेल, तर आधी तो सोडवा, तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो.

तारीख संक्रांतीनंतरची घेतली. त्याआधी सूनबाई वेचणीला, घरी माझ्यापाशी कोण बसणार? पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात वॉकर रुततो, आणि मे महिन्याच्या उन्हात प्लास्टर तर वैऱ्यालाही नको. वॉकर साधा घेऊ नका, कोपरापासून हात टेकवता येतो तसला बघा, मनगटं वाचतात. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवली आहे.

एक राहिलंच. संधिवात जुना असेल तर मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, आणि भूल देताना मान मागे वळवतात. मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढायचा का, हे मीच भुलेच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली. ते काम मात्र त्याच दिवशी झालं.