आधी आवाज, मग चित्र

रविवार, २ नोव्हेंबर २०२५, मिसिसागा, कॅनडा

आज पहाटे इथली घड्याळं एक तास मागे गेली. कालपर्यंत नेरूळ आणि माझ्यामध्ये साडेनऊ तास होते, आजपासून साडेदहा. आईला हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं आणि दरवर्षी ती म्हणते, "म्हणजे आणखी लांब गेलीस." आणि नेमकी आजच महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

मी दहावीत गेले त्या वर्षी, २००८ मध्ये, पहिल्या आयपीएलची फायनल तिथे झाली होती. तेव्हापासून मॅचच्या रात्री ओट्यावर वेगळाच उजेड पडतो, पांढरा, दुधाळ. भांडी घासताना दिवा लावावा लागत नाही. तो उजेड आज मला फार हवा होता.

सव्वाचारचा गजर लावून उठले, चहा टाकला, तर तिकडे पाऊस. नोव्हेंबरात! आईनं फोन खिडकीकडे वळवून ओला रस्ता दाखवला. दोन तास आम्ही नुसत्या पावसाकडे बघत बसलो. शेवटी तिथल्या पाच वाजता खेळ सुरू झाला. आमच्याकडे साडेसहा, अजून अंधारच.

फोन मी ठेवलाच नाही. स्पीकरवर टाकून लॅपटॉपशेजारी उभा केला आणि पहिल्या पाच षटकांतच लक्षात आलं की चेंडू आमच्या घरी तीनदा पडतोय. आधी स्टेडियममधला आवाज खिडकीतून आईपर्यंत. मग काही सेकंदांनी हॉलमधल्या टीव्हीसमोर बाबांचं "वाऽऽ". आणि पाऊण मिनिटानं माझ्या पडद्यावर तो चौकार. शफाली आणि स्मृतीनं सलामीला १०४ धावा केल्या, त्यातला प्रत्येक फटका मी असा आधी कानानं आणि मग डोळ्यानं पाहिला.

स्मृती आईच्या माहेरची, सांगलीची. ती ४५ वर असताना फोनमधला आवाज एकदम बसला. हजारो माणसं एकाच वेळी गप्प झाली की काय होतं ते आज मला कळलं. आई फक्त "गेली गं" म्हणाली. माझ्या पडद्यावर स्मृती अजून बॅट टेकवून उभी होती, ग्लोव्हचा पट्टा ओढून नीट करत होती. तिला सांगावंसं वाटलं, हा चेंडू सोड. पाऊण मिनिट मी तिच्याकडे तशीच बघत राहिले.

शफाली ८७. मुळात संघातही नव्हती ती, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून सेमीफायनलला बोलावलेली. ७ बाद २९८.

मधल्या वेळेत पोहे केले. बाबा फोनवर आले आणि अमोल मुजुमदारांबद्दल बोलायला लागले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, तरी आज पुन्हा ऐकली. १९८८, आझाद मैदान, शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा. सचिन आणि कांबळी ६६४ धावांची अखंड भागीदारी करताहेत आणि पुढचा फलंदाज पॅड बांधून बसलाय. तो हा मुलगा. पुढे रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, मुंबईला रणजी जिंकून दिलेला कर्णधार आणि भारताची टोपी एकदाही नाही. बाबांना ते कधीच पचलं नाही. आज तेच या मुलींचे प्रशिक्षक. सामना संपल्यावर कर्णधार हरमननं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा बाबांचा आवाज इतका भरून आला की त्यांनी फोन पुन्हा आईकडे दिला. मीही इथे रडत होते. एखाद्याला त्याचं देणं मिळायला इतकी वर्षं लागू नयेत, पण मिळालं तेव्हा बाबांनी ते पाहिलं, याचं मला फार समाधान आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या डावात मात्र जीव टांगणीला. लॉरा वोल्व्हार्ट बादच होईना. मला सारखा २३ जुलै २०१७ आठवत होता. लॉर्ड्सवरच्या विश्वचषक फायनलमध्ये २२९ हव्या होत्या, पूनम राऊतनं ८६ काढल्या होत्या, ३ बाद १९१ वरून आपण २१९ वर संपलो. नऊ धावांनी हरलो. त्या रात्री बाबांनी टीव्ही बंद केला आणि आम्ही तिघं न बोलता जेवलो होतो. आज आईनं गॅस बंद करून टाकला होता. खिडकीत आल्यापासून विकेट पडतात म्हणून ती जागची हलत नव्हती. पाय दुखतायत म्हणाली, पण हलली नाही.

बेचाळिसावं षटक. फोनमधून आवाज चढला आणि मधेच तुटला. पुन्हा चढला, पुन्हा तुटला. आणि मग असा फुटला की फोनचा स्पीकर खरखरायला लागला. "काय झालं?" मी ओरडले. "माहीत नाही!" आईही ओरडली. हॉलमधून बाबांचं काहीच येईना. वोल्व्हार्टनं चेंडू उंच मारलेला मला दिसला तेव्हा कुठे उलगडा झाला. अमनज्योत धावत आली, चेंडू हातातून निसटला, पुन्हा निसटला, तिसऱ्यांदा तिनं तो धरला. तुटलेल्या आवाजाचे तीनही तुकडे मला जसेच्या तसे दिसले. शतक काढून वोल्व्हार्ट परत निघाली.

शेवटची जोडी आली तेव्हा इथे लख्ख दुपार, तिथे बाराचा सुमार. मी लॅपटॉपकडे पाठ केली आणि फोन कानाला लावला. हे मला घरून कळायला हवं होतं. आईच्या खिडकीतून, तिच्या शेजारी उभं राहून. आई काही बोलत नव्हती, तिचा श्वास ऐकू येत होता. कुकर धुऊन पालथा घातलेला असेल, ओट्यावर तो पांढरा उजेड पडला असेल.

मग आवाज आला. स्टेडियमचा, खालच्या रस्त्याचा, सगळ्या इमारतींचा, फटाक्यांचा. बाबा हॉलमधून धावत आले, त्यांच्या चपलांचा आवाजही मला ऐकू आला.

"ऐकलंस ना?" आई म्हणाली.

"ऐकलं."

मी वळून पाहिलं. पडद्यावर दीप्ती चेंडू हातात घेऊन रनअपच्या खुणेकडे चालली होती.