आयत्या वेळचे विषय

सप्टेंबर लागला की आमच्या निफाड तालुक्यातल्या छोट्या, शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागते. ३० तारखेच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते. मारुतीच्या सभामंडपात चटया पडतात, कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी तेवढ्याच माणसांत सुरू होते. अहवाल, ताळेबंद, लेखापरीक्षकाची नेमणूक... "मंजूर, मंजूर!"

माझा जीव अडकलेला असतो शेवटच्या 'आयत्या वेळच्या विषयां'त. एके काळी तिथे खत आणि पीककर्ज एवढंच असायचं. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे अडकली. त्या सभेत अण्णा उठले. "खत उधार देते सोसायटी, औषध कुठलं मारायचं ते सांगतो दुकानदार. मग सोसायटीचा उपयोग काय?" सगळे गप्प. पुढच्या छाटणीला सोसायटीतूनच फवारणीच्या नोंदवह्या वाटल्या.

नवऱ्यामागे वारस म्हणून सभासद झालेल्या काकू तर पहिल्याच सभेत कडाडल्या, "३१ मार्चच्या आत कर्ज भरते मी, पंजाबराव देशमुख योजनेतली व्याजसवलत घेते मी, अन् बोलायचं दिरानं?" त्या बोलल्या की आजही माझा घसा दाटतो.

हल्ली पोरं शेतकरी उत्पादक कंपनीकडे वळलीत. मोहाडीला 'सह्याद्री' या शेतकरी कंपनीचं पॅकहाऊस बघायला गाड्या भरून जातात. सभेला मात्र त्यांना नेमकं पाणी धरायचं असतं! २००२ मध्ये कंपनी कायद्यात ही सोय झाली, पण सभासदाला एकच मत हा नियम तिथेही आहेच. तो आमच्याच, सहकाराच्या घरातला. प्रतवारी, शीतगृह, निर्यात आमच्या सोसायटीला जमलं नाही, हे मान्य. पण बांधावरच्या दोन एकरवाल्याला पीककर्ज अजून इथूनच मिळतं, हे त्यांनी येऊन ऐकावं तरी. निवडणुकीच्या वर्षी बरे सगळे येतात.

सभा पार पडते ती सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवांमुळे. आता संगणकावरच्या नोंदीही तेच रात्री बसून करतात. शिवाय शिपाई दादा, माइकवाले मामा, चटया उचलणारी शाळेतली मुलं, पाण्याचा टँकर देणारे तात्या, मंडप झाडणाऱ्या मावशी, हजेरीवही घेऊन दारोदार फिरणारा भाचा. आणि जिलेबी तळणारे वरच्या आळीचे नाना! त्यांचे आभार अहवालात दोनदा राहिले. यंदा छपाईआधी प्रूफ मीच वाचणार आहे.