शीर्षक नसलेली पोस्ट

वर्डप्रेस या ब्लॉग आणि साइट बनवायच्या प्रणालीची साधी थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच, उभी राहायला दोनच फाइल पुरतात, स्टाईल डॉट सीएसएस आणि इंडेक्स डॉट पीएचपी. हे वाचलं तेव्हा मला भलताच हुरूप आला. स्वतःच्या ब्लॉगसाठी केलेली थीम हाताशी होतीच. जरा साफसफाई करायची, झिप बांधायची आणि सगळ्यांना फुकट वापरता यावी म्हणून वर्डप्रेसच्या थीम डिरेक्टरीत, म्हणजे मोफत थीमच्या अधिकृत संग्रहात, द्यायची. दोन रविवारांचं काम, असा माझा हिशेब होता. पाच महिने गेले.

पहिला दणका चाचणीच्या मजकुराने दिला. थीम तपासायला एक तयार एक्सएमएल फाइल मिळते, तिला थीम युनिट टेस्ट डेटा म्हणतात. ती इंपोर्ट केली की साइटवर पोस्ट, पानं, मेनू, प्रतिसाद यांची गर्दी होते. ज्याने कोणी हा मजकूर रचला, त्याचा थीम करणाऱ्यांवर जुना राग असावा! एका पोस्टला ढीगभर वर्ग (कॅटेगरी) चिकटवलेले. एकीच्या शीर्षकात कुठेच न तुटणारा लांबलचक शब्द. प्रतिसादाला उत्तर, त्या उत्तराला उत्तर, असं करत करत माझा प्रतिसादाचा रकाना बोटभर रुंदीचा झाला. आणि एका पोस्टला शीर्षकच नाही.

या शेवटच्या पोस्टने मला सगळ्यात जास्त छळलं. माझ्या थीममध्ये मुख्य पानावरून पोस्ट उघडायची वाट एकच होती, शीर्षकावरची लिंक. शीर्षकच नसेल तर क्लिक कशावर करणार? पोस्ट यादीत दिसत होती, पण उघडता येत नव्हती. उपाय दोन ओळींचा निघाला, तारखेवरही लिंक द्यायची. पण इतके दिवस मी थीम तपासत होतो ती माझ्याच नीटनेटक्या पोस्टवर, माझ्याच मापाच्या फोटोंवर. अंगावर घालून पाहायचं ते माझ्याच, मग सदरा बसणारच की!

मग मी स्वतःच त्या मजकुरात भर घातली. चाचणीची शीर्षकं इंग्रजी होती, त्यांच्यासाठी मी अक्षरांमधलं अंतर जरा वाढवलं होतं आणि ओळीची उंची 1.1 ठेवली होती. झकास दिसत होतं. तिथे मराठी शीर्षक टाकलं तर शिरोरेखेचे तुकडे पडले, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन आदळला, आणि पोस्टच्या चौकटीबाहेरचं लपवायची सूचना दिलेली असल्याने काही मात्रा तर छाटल्याच गेल्या. वाढवलेलं अंतर काढून टाकलं, ओळीची उंची 1.4 केली. इंग्रजी शीर्षकं थोडी सैल दिसतात, दिसू देत.

कीबोर्डचं प्रकरण मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, कारण ते मला किरकोळ वाटत होतं. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने साइट फिरायला घेतली आणि दुसऱ्याच मिनिटाला हरवलो. आपण कुठल्या लिंकवर आहोत हे दाखवणारी चौकट मीच सीएसएसमधून, म्हणजे रूप ठरवणाऱ्या सूचनांमधून, उडवली होती, का तर कुरूप दिसते म्हणून. उपमेनू फक्त माउस नेल्यावर उघडत होता. थेट मुख्य मजकुरावर उडी मारणारी लिंक तर नव्हतीच. मेनू जवळजवळ नव्याने लिहावा लागला. आठवडा गेला, आणि त्यातला निम्मा वेळ फोनवरच्या मेनूने खाल्ला. तो बंद केल्यावर फोकस, म्हणजे टॅबने आपण जिथे असतो ती जागा, पानाच्या तळाशी कुठेतरी जाऊन बसायचा.

थीम चेक नावाचं प्लगइन (साइटला एखादं जादा काम जोडून देणारा कोड) चालवलं तेव्हा चुकांची यादी स्क्रीनभर आली, पण ती दुरुस्त करणं कंटाळवाणं असलं तरी अवघड नव्हतं. अवघड होतं डिरेक्टरीत घेण्याआधी माणसाने केलेलं परीक्षण. पहिल्या फेरीत बरेच शेरे आले. डेटाबेसमधून येणारी गोष्ट पानावर छापताना जागच्या जागी एस्केप केलेली नाही, म्हणजे तिच्यातली घातक चिन्हं निरुपद्रवी केलेली नाहीत. काही वाक्यं अनुवादाच्या फंक्शनमध्ये गुंडाळलेली नाहीत. फंक्शनच्या नावांना स्वतःचा उपसर्ग नाही. हा शेवटचा शेरा मला उगाच कीस काढण्यासारखा वाटला. तेव्हा घरच्या साइटवर सहज एक प्लगइन चालू केलं, आणि त्यात माझ्याच नावाचं फंक्शन निघालं. साइट जागेवर बंद! उपसर्ग मुकाट्याने लावले.

वाद मी घातला तो एकाच मुद्द्यावर. थीममध्ये मी ‘कामांचे नमुने’ असा खास पोस्ट-प्रकार दिला होता आणि माझ्या मते थीमची खरी शान तीच होती. परीक्षकाचं म्हणणं, हे काम प्लगइनचं, थीमचं नाही. मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्याने एवढंच विचारलं, उद्या वापरणाऱ्याने थीम बदलली तर? करून पाहिलं. नमुने डेटाबेसमध्ये राहिले, पण डॅशबोर्डमधून तो विभागच गायब झाला. ज्याने तीसेक नमुने भरले असतील त्याला आपलं सगळं पुसलं गेलं असंच वाटणार. तो कोड काढताना जीव तुटला, खोटं कशाला सांगू.

परवान्यांवर मात्र वाद घालण्यासारखं काही नव्हतं. थीमसोबत जाणारी प्रत्येक गोष्ट, अगदी स्क्रीनशॉटमधला फोटोसुद्धा, जीपीएलशी, म्हणजे वर्डप्रेसच्या मुक्त परवान्याशी, जुळणाऱ्या परवान्याची लागते. माझा फोटो ‘फुकट’ होता, पण फुकट आणि जीपीएलला चालणारा यात फरक आहे. खिडकीतून स्वतःच एक फोटो काढला आणि 1200 बाय 900 चा नवा स्क्रीनशॉट केला. फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून येत होते, तेही थीमच्या फोल्डरमध्ये आणले. जानेवारी 2022 मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने वाचकाचा आयपी पत्ता संमतीशिवाय असा गूगलकडे जाणं बेकायदा ठरवलं होतं. माझी थीम कोणत्या देशातला माणूस वापरेल, हे मला कुठे माहीत!

तिसऱ्या फेरीत थीम मंजूर झाली. आज सुरुवात करणाऱ्याने मात्र माझ्या वाटेने जावंच असं नाही. वर्डप्रेसच्या 5.9 या आवृत्तीपासून पूर्ण थीम ब्लॉकमध्ये, म्हणजे जोडता येणाऱ्या तुकड्यांमध्ये, करता येते आणि रंग, मापं, फॉन्ट बरेचसे थीम डॉट जेसन या एकाच फाइलमध्ये मांडता येतात. तिथेही चाचणीचा मजकूर तोच आणि शीर्षक नसलेली पोस्टही तीच.

पहिलं अपडेट मी उत्साहात काढलं. कोड नीट दिसावा म्हणून दोन-चार क्लासची, म्हणजे सीएसएस ज्यांना धरून लिहितात त्या खुणांची, नावं बदलली. दुसऱ्याच दिवशी एकाचा निरोप आला: त्याने त्या नावांवर स्वतःचं सीएसएस लिहिलं होतं आणि त्याच्या साइटचं डोकं पायाशी आलं होतं. त्याच संध्याकाळी जुनी नावं परत ठेवली, नव्यांच्या शेजारी. ती अजून तिथेच आहेत.