ढिंडो

आज सकाळी आई नाचणीची उकड घाटत होती. गुठळी होऊ नये म्हणून वाकून, एका हाताने पातेलं घट्ट धरून. मी चहा तसाच ठेवून बघत बसलो.

नेपाळमधल्या सिंधुपाल्चोकच्या आमा (नेपाळीत आई) अगदी अशाच घाटायच्या. २०१५ च्या भूकंपात पडलेलं त्यांचं घर बांधायला आम्ही २०१९ च्या दिवाळीनंतर तिकडे गेलो होतो. मातीच्या गाऱ्यात दगड, मधूनमधून आडवे लाकडी पट्टे, हादऱ्याने भिंत फुटू नये म्हणून. दगड वाहून हात सोलायचे. संध्याकाळी ताटात नाचणीचा ढिंडो, म्हणजे अशीच घट्ट उकड, आणि आंबट गुंद्रुकचा, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा रस्सा. घास चावायचा नाही, रश्श्यात बुडवून गिळायचा, हे आमांनीच शिकवलं.

एकदा मी त्यांना आपल्या सांगलीचा पूर सांगितला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर, आमच्या गावभागात घरात पाणी. आमा ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमचं घर आवरायला कोण आलं, बाबू?"

आली होती. विट्याकडची पोरं, भाकरी बांधून, खराटे-फावडी घेऊन. दोन दिवस गाळ उपसला त्यांनी. मी नावंसुद्धा विचारली नाहीत.

आईला एकाचं गाव आठवतंय म्हणे. रविवारी जाऊन येतो.

तुमच्या घरी तेव्हा कोण आलं होतं?