वडकीची दुपार

माउलींची पालखी भवानी पेठेत उतरली की आमच्या पंचहौदाच्या चर्चपर्यंत टाळ ऐकू येतात. यंदा चालायला निघाले तेव्हा मंडळीतल्या एकांनी विचारलं, "ख्रिस्ती माणसाचं तिथं काय काम?" नारायण वामन टिळक म्हणत, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. मला तो पूल उलट्या दिशेनं चालून पाहायचा होता.

आळंदी गर्दीतच गेली. हडपसरला तुकोबांची पालखी लोणीकडे वळली, आम्ही सासवडच्या वाटेला लागलो.

वडकीच्या विसाव्यानंतर उठले आणि डावी टाच टेकेना. बूट ओले, मोजे ओले, टाचेवर रुपयाएवढा फोड. समोर दिवे घाट. त्यात रस्त्याकडेच्या एका ट्रकवरून बिस्किटांचे पुडे भिरकावणं चाललं होतं. खाली बायका झेलायला धावताहेत, वर एकजण मोबाइलवर शूटिंग करतोय. माझं डोकंच फिरलं. देणं असं असतं?

"माय, बस खाली."

डोक्यावर तुळस, परभणीकडची आजी. तुळस सुनेच्या हाती देऊन तिनं पिशवीतून सुई-दोरा काढला. काडी ओढून सुई जाळावर धरली, दोऱ्याला खोबरेल चोळलं, फोडाच्या एका कडेनं सुई घालून दुसरीकडून काढली. दोरा आतच ठेवून टोकं कापली. "पानी गळून जाईल. कातडं काढू नको." मग माझा चिखलाचा पाय मांडीवर घेऊन पदरानं पुसायला लागली. मी पाय ओढला तर खेकसली, "गप बस की!" येशूचा शिष्य पेत्र, त्यानंही प्रभूला आपले पाय धुऊ द्यायला आधी नकारच दिला होता. पन्नासची नोट पुढे केली तेव्हा मात्र ती खरंच चिडली. "माझं काय हाय त्यात? त्यानं करून घेतलं." दिंडी हलली. जाता जाता माझ्या हातात बिस्किटांचा पुडा कोंबला. "खा. ट्रकवरचा हाय."

घाट चढताना तेच डोक्यात. आमच्या बायबल अभ्यासात पेलागियस आणि ऑगस्टीन या जुन्या काळच्या दोन ख्रिस्ती शिक्षकांवरून बरीच वादावादी झाली होती. पेलागियसचं म्हणणं, माणसानं मनावर घेतलं तर तो स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो. ऑगस्टीन म्हणाले, चांगलं करावंसं वाटणं हीसुद्धा कृपाच. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसची शिकवण नाकारली. मला ऑगस्टीन नेहमी कठोर वाटत आले. माणसाच्या चांगुलपणाला काही किंमतच ठेवत नाहीत असं वाटायचं. घाटात तसं वाटेना. देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडवला, हे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. पापानं ते रूप बिघडलं, पण पुसलं गेलं नाही. आजीचा चांगुलपणा खराच होता, आणि त्यावर मालकी सांगायला ती स्वतःच तयार नव्हती. इच्छा आणि कृती दोन्ही देवच आपल्यात घडवतो, असं पौल फिलिप्पैकरांना लिहितो. आजी ज्याच्याबद्दल बोलत होती तो विटेवरचा, मी ज्याला हाक मारते तो क्रुसावरचा. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. माझ्यासाठी कृपेची किंमत क्रुसावर चुकती झाली आहे. पण आपल्या पुण्याचा हिशेब फाडून टाकणारं माणूस मला चर्चमध्येसुद्धा क्वचित भेटलं आहे.

आणि तो ट्रक? देण्यात मीपणा शिरतो तोही पापाचाच भाग, हे खरं. पण घाटमाथ्यावर भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तीच बिस्किटं खाल्ली. विठ्ठल विठ्ठल करत माणसं पुढे सरकत होती आणि मला उगाच रडू येत होतं.

सासवडला अंधारातच पोचलो. नळावर दोघी रांग मोडून घुसल्या, वर मलाच बोलल्या. झोपताना प्रभूची प्रार्थना म्हटली. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड" या ओळीवर घशातून आवाज निघेना. ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशीही मुक्काम सासवडलाच होता, आणि नळ तोच.